शिडाच्या बोटीने परदेशी बंदरात: पहिल्या लांब सफरीची आखणी

लांबच्या सफरीची आखणी शेवटाकडून करायची असते. कोणत्या बंदरात, कोणत्या महिन्यात, आठवड्याच्या कोणत्या वारी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी शिरायचं हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत निघण्याच्या दिवसापर्यंत यायचं. नवखे लोक बरोबर उलटं करतात. बोट सजवतात, निरोप घेतात, निघतात आणि पोचल्यावर काय ते बघू म्हणतात. भर समुद्रात त्यांचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते शेवटच्या तीस मैलांत. तिथे खडक असतात, जहाजं असतात, कायदे असतात आणि तीन आठवड्यांच्या तुटक झोपेने आपलं डोकं जड झालेलं असतं.

ज्यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने शिडाची बोट चालवली आहे, ज्यांना शीड आखडता येतं, नांगर टाकता येतो आणि ज्यांनी एखाद-दोन रात्री पाण्यावर काढल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बोट दहा-बारा मीटरची, माणसं दोन किंवा तीन, असं धरून चाला.

आधी महिना, मग मार्ग

पहिलं काम म्हणजे वर्षाच्या कॅलेंडरवर चक्रीवादळांचे महिने खोडून टाकणं. उत्तर अटलांटिकमध्ये हा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात. दक्षिण पॅसिफिक आणि दक्षिण हिंदी महासागरात तो साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. उत्तर हिंदी महासागरात वादळं वर्षातून दोनदा जोर धरतात, एकदा मोसमी वाऱ्यांच्या आधी आणि एकदा नंतर, म्हणजे मे-जूनच्या सुमारास आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून कोणत्याही महिन्यात होऊ शकतं. खोडून जे महिने उरतील त्यांतच तुमची सफर बसली पाहिजे. नाही बसली तर वर्षभर थांबा.

मग पायलट चार्ट उघडा. महासागराच्या प्रत्येक भागात त्या महिन्यात वारा कोणत्या दिशेने आणि किती जोराने वाहतो, प्रवाह कुठे ओढतो, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून काढलेले हे नकाशे असतात. दर महिन्याचा नकाशा वेगळा. अमेरिकी सरकारचे पायलट चार्ट फुकट उतरवून घेता येतात. त्यांतल्या प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर एक आकडा असतो, तो वारा पडलेला असण्याची टक्केवारी सांगतो. नवखा माणूस बाणांची लांबी बघतो. मी आधी तो मधला आकडा बघतो, कारण इंजिनात डिझेल किती लागेल ते तोच सांगतो.

सरळ रेषा हा शिडाच्या बोटीचा मार्ग क्वचितच असतो. युरोपातून कॅरिबियनला जाणारे आधी दक्षिणेला कॅनरी बेटांपर्यंत उतरतात, तिथून आणखी खाली जाऊन ईशान्येचे व्यापारी वारे पाठीवर घेतात आणि मग पश्चिमेला वळतात. कॅनरीतलं लास पाल्मास ते कॅरिबियनमधलं सेंट लुशिया हे अंतर साधारण २,७०० नॉटिकल मैल भरतं. नोव्हेंबरच्या शेवटी वादळांचा हंगाम संपतो, पण व्यापारी वारे नीट स्थिरावायला डिसेंबर उलटावा लागतो. म्हणून नोव्हेंबरअखेर निघणारे लोक कॅरिबियन बेटावर नाताळ साजरा करण्याच्या हौसेपायी थोडी वाऱ्याची अनिश्चितता पत्करतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते समजून-उमजून करावं. परतताना हीच वाट धरता येत नाही. मे महिन्यात उत्तरेला चढून, बर्म्युडावरून किंवा थेट अझोर्सकडे, पश्चिमी वाऱ्यांनी परतायचं.

काही ठिकाणी वाऱ्यापेक्षा प्रवाह घातक. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत अगुल्हास प्रवाह जोरात नैर्ऋत्येकडे वाहतो. समोरून नैर्ऋत्येचं वादळ आलं की लाटा अंगावर कड्यासारख्या उभ्या राहतात. तिथला जुना उपाय म्हणजे २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकणं, कारण प्रवाहाचा जोर त्या रेषेच्या बाहेर असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा गल्फ स्ट्रीम हा प्रवाह ओलांडतानाही हाच हिशेब: उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी त्यात शिरायचंच नाही.

आता तारखेबद्दल. पाहुण्यांना एकतर ठिकाण सांगा, नाहीतर तारीख सांगा. दोन्ही सांगितलंत की हवामान बघून निर्णय घेणारे तुम्ही उरत नाही, कुणाचं तरी विमानाचं तिकीट तो निर्णय घेतं. माझ्या पाहण्यातले बहुतेक वाईट निर्णय अशा तिकिटांनी घेतलेले आहेत. सोबत येणाऱ्या खलाशाला सुट्टी संपायच्या दिवशी परतायचं असेल तर तो कितीही तरबेज असो, त्याला पुढच्या सफरीला बोलवा.

मार्ग पक्का करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. वादळांच्या हंगामात अमुक अक्षांशांच्या बाहेर राहा, महासागर ओलांडताना किमान इतकी माणसं हवीत, अशा अटी बारीक अक्षरांत असतात. ताज्या घडामोडींवरही नजर ठेवा. स्पेन आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत २०२० पासून ऑर्का देवमासे शिडाच्या बोटींची सुकाणू मोडत आले आहेत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जण आफ्रिकेला वळसा घालून जातात.

दिवसांचा आणि पाण्याचा हिशेब

नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर आणि तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. पाच नॉटनी चोवीस तासांत १२० मैल होतात. कागदावर हा आकडा छान दिसतो, पण हिशेबाला ११० धरा. २,७०० मैलांना जवळपास २५ दिवस झाले. त्यात निम्मे आणखी मिळवा, म्हणजे ३७. डोलकाठी मोडली, सुकाणू निकामी झालं, वारा आठवडाभर पडला, तरी जगता आलं पाहिजे, त्यासाठी हे वाढीव दिवस.

माणशी रोज ४ लिटर पाणी धरलं तर तिघांना ३७ दिवसांसाठी ४४४ लिटर लागतं. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र बोटीवर असलं तरी हा हिशेब बदलत नाही. ते यंत्र मोडतं तेव्हा किनारा लांब असतो. पाणी दोन वेगळ्या टाक्यांत आणि काही कॅनमध्ये विभागून ठेवा. एका टाकीत समुद्राचं पाणी शिरलं तर दुसरी वाचते.

अन्नाबद्दल दोनच गोष्टी, बाकी ज्याची त्याची जीभ. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर चढवू नका, धक्क्यावरच रिकामी करा. झुरळांची अंडी त्या पन्हळीतूनच येतात. आणि अंडी कधीच फ्रीजमध्ये न ठेवलेली बघून घ्या. ती दोन-तीन दिवसांनी उलटी करत राहिलं तर कित्येक आठवडे टिकतात.

कागदपत्रं: याला हवामानाइतका वेळ द्या

विमानाने जाणाऱ्याला लागू असलेले नियम बोटीने जाणाऱ्याला लागू असतीलच असं नाही. इथे भलेभले फसतात. अमेरिकेचं उदाहरण घ्या. ज्या देशांच्या नागरिकांना तिथे विमानाने व्हिसाशिवाय जाता येतं, त्यांनाही स्वतःच्या बोटीने जाताना रीतसर व्हिसा काढून ठेवावा लागतो. ऑस्ट्रेलियाला जाताना व्हिसा आधीच हातात हवा आणि येत असल्याची सूचनाही पोचण्याआधी पाठवायला हवी. न्यूझीलंड तर बोटीचा तळ तपासतं. पोचण्याआधीच्या ३० दिवसांत तळ साफ केल्याचा किंवा त्याची नियमित निगा राखल्याचा पुरावा मागतात, म्हणून पाण्याखालचे फोटो आणि पावत्या जपून ठेवा. तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ त्यांच्या दृष्टीने घुसखोर आहेत.

युरोपात माणसाचे आणि बोटीचे दिवस वेगळे मोजतात. शेंगेन देशांत, म्हणजे आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत, बाहेरच्या माणसाला १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, तर बाहेर राहणाऱ्या मालकाची, बाहेर नोंदलेली बोट कर न भरता १८ महिने युरोपीय संघात राहू शकते. म्हणजे बोट तिथेच आणि मालक बाहेर, असं चित्र सर्रास दिसतं.

प्रत्येक देशाने परदेशी बोटींसाठी ठरावीक प्रवेश-बंदरं नेमलेली असतात. त्यांच्याखेरीज कुठेही आधी नांगर टाकणं म्हणजे बेकायदा प्रवेश. वाटेत कितीही सुंदर खाडी दिसो, आधी प्रवेश-बंदर, मग खाडी. नियम वरचेवर बदलतात, म्हणून नूनसाइटसारख्या संकेतस्थळावर देशाचं पान वाचा, मग त्या देशाच्या सरकारी पानावर पडताळा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

बरोबर न्यायच्या फाइलमध्ये हे असू द्या: बोटीच्या नोंदणीचा मूळ दाखला, विमा, रेडिओचा परवाना, कप्तानाचं प्रमाणपत्र, सगळ्यांचे पासपोर्ट, लसीकरणाचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि बोट तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं सहीशिक्क्याचं संमतीपत्र. पासपोर्टच्या आणि नोंदणीच्या छायाप्रती दहा-बारा. कर्मचारी यादीच्या तर वीस. ही यादी म्हणजे बोटीवरच्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक आणि बोटीवरचं काम. कप्तान यादीतल्या प्रत्येकाला जबाबदार असतो. वाटेत भेटलेल्या उत्साही तरुणाला यादीत घेतलंत आणि त्याच्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसे नसले, तर ते तुम्ही भरायचे.

एक किस्सा. एका बंदरात माझ्या नावातले तीन शब्द पासपोर्टवर एका क्रमाने आणि यादीत दुसऱ्या क्रमाने होते. समोरच्या अधिकाऱ्याने पेनाचं टोक आधी पासपोर्टवर, मग यादीवर, मग परत पासपोर्टवर ठेवलं आणि पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा आवाज मला अजून ऐकू येतो. पुढचे तीन तास मी एका बाकावर बसून होतो. तेव्हापासून यादी टाइप करताना मी पासपोर्टच्या तळाशी असलेल्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींतलं नाव जसंच्या तसं उतरवतो.

शेवटचा कागद सगळ्यांत महत्त्वाचा: आधीच्या बंदराचा निर्गमन दाखला. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत याला सार्पे म्हणतात. तुम्ही कुठून, कधी आणि कुठे जायला निघालात हे त्यावर लिहिलेलं असतं. पुढचं बंदर आधी तोच मागतं. तो न घेता निघालात तर पुढे तुम्ही कुठून उगवलात याचा पुरावाच नाही.

बोट: काय झिजतं ते बघा

बोटीच्या तयारीवर कितीही लिहिता येईल, आणि लोक लिहितातही. मी फक्त नवख्यांच्या लक्षात न येणारं सांगतो. किनाऱ्यालगत वस्तू मोडतात, महासागरात त्या घासून झिजतात. तीन आठवडे वारा एकाच बाजूने असतो, म्हणजे तोच दोर त्याच कप्पीवर, त्याच एका इंचावर, दिवसाला हजारो वेळा घासतो. शीड वर ओढणारा दोर रोज हातभर ढिला किंवा घट्ट करा, म्हणजे घासणारी जागा बदलते. रोज सकाळी डेकवरून एक फेरी मारा आणि खाली पडलेलं काय काय सापडतं ते बघा. एखादी पिन किंवा नट सापडला तर तो कुठून निसटला ते शोधल्याशिवाय चहा प्यायचा नाही.

दोघातिघांनी हाताने सुकाणू धरून महासागर ओलांडायचा म्हणजे शिक्षाच. विजेवर चालणारा ऑटोपायलट हवाच. त्याला पर्याय म्हणून वाऱ्याच्या पात्यावर चालणारं यंत्र असेल तर फारच उत्तम, कारण त्याला वीज लागत नाही आणि वारा वाढला की ते आणखी जोमाने काम करतं.

संकट-सूचक यंत्र म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झचा एपिर्ब. चालू केल्यावर उपग्रहांमार्फत तुमचं ठिकाण बचाव केंद्राला कळतं. पण त्या केंद्राला बोटीचं वर्णन आणि घरचा फोन नंबर नोंदणीतूनच मिळतो. बोट जुनी घेतली असेल तर नोंद आधीच्या मालकाच्या नावावर नाही ना, हे आजच बघा.

तराफ्याबद्दल, म्हणजे बोट बुडाली तर जीव वाचवायला फुगवायच्या तराफ्याबद्दल, एक आकडा लक्षात ठेवा. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा बळी घेतला. त्या वादळात २४ बोटी खलाशांनी सोडून दिल्या. त्यांतल्या ५ बुडाल्या, बाकीच्या १९ नंतर तरंगताना मिळाल्या. पाणी भरलेली बोटसुद्धा तराफ्यापेक्षा मोठी, उंच आणि शोधायला सोपी असते. बोट खरोखर खाली जात असेल तेव्हाच तराफ्यात पाय ठेवायचा.

निघण्याची सकाळ

हवामानाचे ग्रिब नकाशे, म्हणजे संगणकाने काढलेले अंदाज, किमान दोन वेगवेगळ्या प्रारूपांचे बघा, उदाहरणार्थ अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ. दोन्ही एकच सांगत असतील तर पुढच्या तीन-चार दिवसांवर भरवसा ठेवता येतो. मतभेद असेल तर थांबा. चांगल्या दहा दिवसांचा शोध घेऊ नका, तसा अंदाज कुणीच देऊ शकत नाही. पहिले तीन दिवस सौम्य मिळाले की पुरे. समुद्र लागायचा तो त्याच तीन दिवसांत लागतो, आणि ओकणाऱ्या माणसाकडून वादळात शीड आखडून होत नाही.

किनाऱ्यावरच्या एका जबाबदार व्यक्तीकडे मार्ग, अंदाजे तारीख आणि बोटीचा फोटो देऊन ठेवा. त्यांच्याशी आधीच ठरवा की संदेश आला नाही तर किती दिवस गप्प बसायचं आणि मग कोणाला कळवायचं. उपग्रह फोन बिघडला म्हणून शोधमोहीम सुरू झाली, असं व्हायला नको.

समुद्रात

तिघं असतील तर तीन तास पाळी, सहा तास सुट्टी. दोघं असतील तर रात्री तीन-तीन किंवा चार-चार तास. नियम सांगतो की नजर सतत बाहेर हवी. काही जण वीस मिनिटांनी एकदा डोकं वर काढतात. ते वीस मिनिटांचं गणित करून बघा. मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा किमान ६ मैलांवरून दिसला पाहिजे असा नियम आहे. जहाज १८ नॉटनी येत असेल तर ६ मैल ते वीस मिनिटांत कापतं. तुम्ही ५ नॉटनी समोरून त्याच्याकडेच जात असाल तर पंधरा-सोळा मिनिटांत गाठ पडते. एआयएसवर, म्हणजे जहाजं रेडिओवरून आपलं ठिकाण कळवतात त्या यंत्रणेवर, जहाज आधीच दिसतं हे खरं, पण मासेमारीच्या सगळ्याच होड्यांवर एआयएस नसतं.

दर तासाला लॉगबुकात ठिकाण, दिशा, वेग, वारा आणि वायुभारमापकाचा आकडा लिहा, कागदावर, पेनाने. सगळी वीज गेली तरी शेवटच्या नोंदीवरून तुम्ही कुठे असाल ते काढता येतं. उष्ण कटिबंधात वायुभार रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. साधारण सकाळी व रात्री दहाला वर, पहाटे व दुपारी चारला खाली. हा ठेका ओळखीचा झाला की बिघाड चटकन कळतो. त्या वेळच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा वायुभार ३ हेक्टोपास्कलने उतरला तर सावध व्हा. ५ ने उतरला तर उष्ण कटिबंधीय वादळ जवळ आहे असंच समजून चाला.

इलेक्ट्रॉनिक नकाशे मोठे करून बघायची सवय लावा. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री व्होल्वो ओशन रेस या जगाला वळसा घालणाऱ्या शर्यतीतली टीम वेस्टास विंडची बोट हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला असलेल्या कार्गादोस काराहोस या प्रवाळरांगेवर पूर्ण वेगाने आदळली. नऊही जण वाचले. ती रांग नकाशात होती, फक्त पडद्यावरचं चित्र लहान ठेवल्याने ती दिसत नव्हती. जगातले निष्णात लोक त्या बोटीवर होते. म्हणून घरी बसून मार्ग आखला की त्याची पूर्ण रेषा, पहिल्या मैलापासून शेवटच्यापर्यंत, सर्वांत मोठ्या आकारात, पडद्यावर हाताचं बोट फिरवत बघायची. कंटाळवाणं काम आहे. दोन संध्याकाळी जातात.

कुणी आजारी पडलं आणि औषधांच्या पेटीने भागलं नाही, तर रोममधली सीआयआरएम ही संस्था १९३५ पासून समुद्रावरच्या आजाऱ्यांना फुकट वैद्यकीय सल्ला देते आहे. पेटीतल्या औषधांची यादी तयार असेल तर डॉक्टरला सांगणं सोपं जातं.

शेवटचे तीस मैल

अनोळखी बंदरात रात्री शिरायचं नाही. या एका नियमासाठी मी उरलेला सगळा लेख द्यायला तयार आहे. पोचायला दोन दिवस उरले की हिशेब सुरू करा: सकाळी उजाडल्यावर तासाभरात तोंडाशी पोचायचं असेल तर सरासरी किती नॉट हवेत? जास्त होत असेल तर आजच शीड कमी करा. शेवटच्या रात्री ब्रेक लावण्यापेक्षा ते सोपं.

आमच्या एका सफरीत चोवीस दिवसांनी दिवेलागणीला बंदराचे दिवे समोर दिसले. पोचायला जेमतेम दोन तास. बाकीच्या दोघांना आत शिरून झोपायचं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही. तरी आम्ही बारा मैलांवर बोट थोपवली. पुढचं शीड उलट्या बाजूला ताणून बांधायचं, मागचं आखडायचं आणि सुकाणू असं अडकवायचं की बोट सतत वाऱ्याकडे वळू पाहील. दोन्ही जोर एकमेकांना खातात आणि बोट जवळजवळ जागच्या जागी डुलत राहते. याला हीव्ह-टू म्हणतात, आणि ते बंदराच्या तोंडाशी नव्हे, निघण्याआधीच शिकायचं असतं. रात्रभर पाळीपाळीने झोपलो. सकाळी आत निघालो, तर ज्या रेषेने रात्री जाणार होतो तिच्यावर मत्स्यशेतीचे पिंजरे होते. काळ्या प्लास्टिकच्या प्रचंड कड्या लाटेबरोबर वर-खाली होत होत्या आणि त्यांवर पाणकावळे ओळीने पंख वाळवत बसले होते. दिवा एकही नव्हता. नकाशातही त्यांचा पत्ता नव्हता.

शहराजवळच्या बंदरात तर उलट अडचण. दिवे इतके असतात की बंदराच्या तोंडाचा लाल-हिरवा दिवा वाहतुकीच्या सिग्नलांत आणि पाट्यांच्या झगमगाटात हरवतो.

बोयांची, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांची, पद्धत आधी तपासा. जगात दोन पद्धती चालतात. विभाग ए मध्ये समुद्राकडून आत शिरताना लाल बोया डाव्या हाताला येतो, विभाग बी मध्ये उजव्या. दोन्ही अमेरिका, कॅरिबियन, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स बी मध्ये आहेत, उरलेलं जग ए मध्ये. पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांहून मार्केसास बेटांना निघालात की तीनेक हजार मैलांत लाल-हिरव्याची बाजू पालटते. मी शेवटच्या दिवशी सुकाणूजवळ चिकटपट्टी लावून त्यावर 'लाल डावीकडे' किंवा 'लाल उजवीकडे' असं मोठ्या अक्षरांत लिहितो. हसणारे हसोत.

प्रवाळ असलेल्या पाण्यात ऊन डोक्यावर आणि पाठीमागे हवं, साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन-तीन. एक जण पुढच्या टोकाला उभा राहून रंग वाचतो: गडद निळं खोल, फिकट हिरवं उथळ वाळूचं, तपकिरी म्हणजे प्रवाळ अगदी वर. ध्रुवीकृत काचांचा चष्मा नसेल तर तो आत्ताच यादीत लिहा. कंकणाकृती बेटांच्या वाटा आणखी फसव्या असतात. वाऱ्याकडच्या कडेवरून लाटा आतल्या सरोवरात पाणी ओततात आणि ते सगळं एकाच चिंचोळ्या वाटेने बाहेर पडतं. मग भरती सुरू झाली तरी प्रवाह बाहेरच वाहत असतो. पाणी स्थिर होण्याची वाट बघा.

जहाजांसाठी आखलेल्या पदरी वाटा ओलांडाव्या लागल्या तर बोटीचं तोंड त्यांच्याशी काटकोनात ठेवून ओलांडा. त्या वाटेने जाणाऱ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडथळा करायचा नाही, असाच नियम आहे. शीड आहे म्हणून आपला मान पहिला, हा समज तिथे सोडून द्या.

पिवळा बावटा

देशाच्या सागरी हद्दीत शिरलात की डोलकाठीच्या उजव्या बाजूच्या आडव्या दांडीखाली पिवळा बावटा चढवा. पिवळा म्हणजे साथीचा रोग, असं अनेकांना वाटतं. आजच्या संकेतात अर्थ नेमका उलट आहे: बोटीवर सगळे निरोगी आहेत, आम्हाला किनाऱ्याशी संबंध ठेवायची परवानगी द्या.

व्हीएचएफ या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओच्या चॅनल १६ वर, किंवा बंदराचा वेगळा चॅनल माहीत असेल तर त्यावर, बंदर नियंत्रणाला हाक मारा. बोटीचं नाव, कोणत्या देशाचा झेंडा, लांबी, किती माणसं, मागचं बंदर कोणतं, आणि प्रवेशाची औपचारिकता पूर्ण करायची आहे. बस्स एवढंच, सावकाश बोलून. कधी ते विलगीकरणाचा बोया दाखवतात, कधी धक्क्याला या म्हणतात. उत्तर आलं नाही तर नेमून दिलेल्या जागी नांगर टाकून पुन्हा हाक मारा.

त्यानंतर किनाऱ्यावर पाऊल ठेवायचं ते एकट्या कप्तानाने, तेही फक्त कार्यालयात जाण्यासाठी. बाकीचे बोटीवरच. शेजारच्या बोटीतले लोक गप्पा मारायला आले तरी त्यांना वर घेऊ नका, कचरा उतरवू नका. काही देशांत अधिकारीच बोटीवर येतात. तेव्हा बोटी एकमेकींवर घासू नयेत म्हणून बाजूचे फुगे लावा, त्यांना बसायला सावली आणि लिहायला कोरडं टेबल द्या. तुम्ही महिनाभर त्याच टी-शर्टमध्ये असलात तरी त्या दिवसासाठी एक धुतलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत राखून ठेवा. मी बंद पाकिटात ठेवतो आणि वाटेत कितीही मोह झाला तरी काढत नाही.

क्रम बहुधा आरोग्य, इमिग्रेशन, कस्टम्स, बंदर कार्यालय असा असतो, कुठे कृषी तपासणीही. ताजी फळं, भाज्या, मांस आणि मध अनेक ठिकाणी जप्त होतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात ते संपवा. बंदूक, पाळीव प्राणी, दारू, तीव्र वेदनाशामकं आणि रोकड विचारण्याआधीच सांगा. लपवलेली वस्तू सापडली तर दंडावर निभावेलच असं नाही, बोटही अडकते. शनिवार-रविवारी किंवा सरकारी सुट्टीला पोचलात तर जादा शुल्क लागू शकतं, नाहीतर सोमवारपर्यंत पिवळ्या बावट्याखाली नांगरावर बसून राहावं लागतं. म्हणूनच सुरुवातीला वार ठरवायला सांगितला.

पैसे भरले की पावती मागा, प्रत्येक वेळी. पावती देत नसतील तर शांतपणे पुन्हा मागा आणि हातात कागद-पेन धरून थांबा. आवाज चढवून कुठल्याही बंदरात काम लवकर झाल्याचं मी पाहिलेलं नाही. पासपोर्टवरचा शिक्का आणि बोटीचा परवाना यांवरच्या तारखा खिडकीसमोरच वाचा. दोन्हींची मुदत बरेचदा वेगळी असते. चूक असली तर ती तिथेच दुरुस्त होते, चार दिवसांनी त्यासाठी वकील लागतो.

उठण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: देश सोडताना कुठल्या कार्यालयात यायचं आणि किती तास आधी? अनेक देशांत निर्गमनाचा दाखला मिळाल्यावर चोवीस तासांत निघावं लागतं, आणि तो दाखला दुसऱ्याच बंदरात मिळतो असंही होतं. उत्तर तिथल्या तिथे लॉगबुकात लिहून घ्या. मग बोटीवर परत जाऊन पिवळा बावटा उतरवा, त्याच दोरीवर यजमान देशाचा बावटा चढवा, तो उलटा नाही ना ते बघा, आणि झोपण्याआधी नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडली आहे याची खात्री करा.